दादा, त्या चार डिस्कबद्दल तुमचे आभार मानायचे राहिलेच होते

प्रिय दादा,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, रागवू नका.

गेल्या वर्षी गणपतीत तुम्ही गावी आलात तेव्हा आमच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम चालू होतं. कागद असा की पान उलटताना कोपरा हातात येतो, काहींना कसर लागलेली, आणि सगळे स्कॅन पाच सुट्या यूएसबी डिस्कवर जागा मिळेल तसे भरलेले. त्यातली एक टकटक आवाज करत बंद पडली आणि तीन हजार पानं गेली. त्यातले दोन अंक ज्यांच्याकडून मागून आणले होते त्यांच्या घरच्यांनी ते नंतर रद्दीत घातले, म्हणजे आता ते आमच्यापुरते तरी संपलेच. आठवडाभर मला नीट झोप नव्हती.

समितीने पैसे मंजूर केले, दुकानदार म्हणाला ८ टीबीच्या चार डिस्क जोडून एकच मोठी करून देतो, ३२ टीबी मिळेल आणि स्पीड पण भारी. मी हो म्हणणारच होते. तुम्ही आरतीनंतर पायरीवर बसलात आणि सांगितलंत की अनेक डिस्क जोडून एकत्र वापरायच्या पद्धतीला रेड (RAID) म्हणतात, आणि हे रेड ०, यात चारातली एक जरी गेली तरी चारही डिस्कवरचं सगळं जातं. मग वर्गणीच्या पावतीमागे ७ + ४ + ९ = २० लिहून मधल्या चारवर बोट ठेवलंत, म्हणालात, आता सांग झाकलेला आकडा कोणता. मशीन बेरजेऐवजी बिटांचं (शून्य-एकांचं) एक्सॉर नावाचं गणित करतं हे नंतर सांगितलंत, पण पॅरिटी, म्हणजे हरवलेलं परत काढता यावं म्हणून ठेवलेला जादा हिशोब, मला कळली ती त्या पावतीवरच. ती पावती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

रेड ५ केलं तर २४ टीबी मिळेल आणि एकच डिस्क गेलेली चालेल, रेड ६ किंवा रेड १० केलं तर १६. समितीला २४ हवं होतं. तुम्ही शांतपणे विचारलंत की खराब डिस्कच्या जागी घातलेली ८ टीबीची नवी डिस्क पुन्हा भरायला, म्हणजे रीबिल्डला, सगळं सुरळीत चाललं तरी अकरा ते पंधरा तास लागतात, तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्कवर ताण येणार, त्यात दुसरी गेली तर? रेड १० मध्ये डिस्क जोडीजोडीने एकमेकींची प्रत ठेवतात, त्यात दोन गेल्या आणि त्या नेमक्या एकाच जोडीतल्या निघाल्या तर संपलं, रेड ६ मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं. लिहायला रेड ६ हळू, पण आमचा स्कॅनर त्याहून हळू, एका ए४ पानाची ६०० डीपीआयची रंगीत टिफ फाइल साधारण १०० एमबीची, ती काय घाईत लिहायची आहे! अध्यक्षांनी विचारलं की साध्या स्वस्त डिस्क चालतील का, तर तुम्ही १९८८ चा बर्कलेचा पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा पेपर सांगितलात, की रेड या नावातला आय मुळात 'स्वस्त' या अर्थाचाच होता. फक्त एसएमआर प्रकारची डिस्क नको म्हणालात. त्यात ट्रॅक (डेटा लिहायच्या रेघा) कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, मधलं कौल बदलायचं तर शेजारची पण उचलावी लागतात, आणि रीबिल्डच्या वेळी अशी डिस्क इतकी रेंगाळते की कधीकधी जोडलेल्या डिस्कच्या संचातून, म्हणजे अ‍ॅरेतून बाहेरच फेकली जाते. आमच्या गावात हे कोण सांगणार होतं? दोन डिस्क एका दुकानातून आणि दोन दुसऱ्या दुकानातून घ्यायला लावल्यात, एकाच लॉटच्या नकोत म्हणून.

डेबियन ही लिनक्स सिस्टीम टाकून एमडीएडीएम या रेडच्या सॉफ्टवेअरवर रेड ६ चा अ‍ॅरे बांधला त्या रात्री तुम्ही एक काम करून घेतलंत जे मला तेव्हा फार किरकोळ वाटलं होतं. प्रत्येक डिस्कचा सिरीयल नंबर कागदावर लिहून तिच्या ट्रेवर चिकटवायचा. मे महिन्यात अलर्टची मेल आली, एक डिस्क फेल. मी घाबरून दुसऱ्या ट्रेला हात घातला होता, कारण मेलमध्ये एसडीबी हे मशीनने डिस्कला दिलेलं नाव होतं आणि जुन्या वहीत एसडीबी म्हणजे दुसरी असं लिहिलेलं, आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवर ओरडलात, थांब, आधी सिरीयल वाच. मशीन रीस्टार्ट झाल्यावर ती नावं बदलली होती, खराब डिस्क तिसऱ्या ट्रेमधली होती. दुसरी ओढली असती तर एकाच वेळी दोन कमी झाल्या असत्या आणि मग आणखी एकही गेलेली चालली नसती. रीबिल्डला सतरा तास लागले, तुम्ही रात्री दोनला पण टक्का विचारलात.

आणि अजून एक. रेड म्हणजे बॅकअप नाही हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की सेक्रेटरींच्या घरच्या कपाटात एक वेगळी डिस्क राहते, दर शनिवारी आणून कॉपी करून परत जाते. जुलैमध्ये आवराआवर करताना माझ्याकडून एक पूर्ण वर्षाचं फोल्डर डिलीट झालं, अ‍ॅरेने ते इमानदारीत सगळ्या डिस्कवरून काढून टाकलं. तेव्हा कपाटातली डिस्क आणली.

त्याच फोल्डरमधल्या एका अंकातली कविता परवा एका आजींना प्रिंट काढून दिली, त्यांच्या मोठ्या भावाची, घरात एकही प्रत उरली नव्हती. त्यांनी उभ्याउभ्याच वाचली आणि विचारलं की हे कोणी जपून ठेवलं, मी तुमचं नाव सांगितलं. गणपतीत या, त्यांना तुम्हाला भेटायचंय.

तुमची,
वाचनालयातली ताई