तात्या, आता आभार घ्याच

तात्या,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही हात झटकता. "तुझ्या नवऱ्यासाठी नाही गं ताई, माझी सुटलेली दारू सुटलेलीच राहावी म्हणून येतो," हे तुमचं ठरलेलं उत्तर. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही, तो तुमच्या ग्रुपचा, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, नियम आहे. डेपोतून रिटायर झालेले मेकॅनिक नाशकात पुष्कळ आहेत, तेव्हा काळजी नसावी.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तोवर आमचे सगळे उपाय करून झाले होते. माळ घालून झाली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली. मावशींनी स्टँडच्या भिंतीवरची 'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात बघून एक पुडी मागवली होती. ती तुम्ही उलटीसुलटी करून पाहिलीत आणि विचारलंत, "यात काय आहे, कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. काही औषधं पोटात असताना वर दारू गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर ती पेशंटला सांगूनच देतात, हे तुमच्याकडून कळलं. पुडी केरात गेली. मावशी अजून रुसलेल्या आहेत.

मग यांच्यासमोर बसलात. मला वाटलं, आता भाषण. तर तुम्ही स्वतःचंच सुरू केलंत. पान्यांच्या पेटीत लपवलेली क्वार्टर, सकाळी नट धरता येईना म्हणून आधी मारलेला घोट. हे इतका वेळ मान खाली घालून होते, ते 'नट' ऐकल्यावर वर बघायला लागले. यांच्याही बशीतला चहा हिंदकळत होता, तो तुम्ही पाहिला होतात. निघताना दारात मला म्हणालात, "उद्यापासून बंद, असं करू नका. आधी सिव्हिलला दाखवा." वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर झटके येऊ शकतात, भास होतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं, गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली. ग्रुप त्यानंतर.

मी तुम्हाला पुण्याच्या मुक्तांगणचंही विचारलं होतं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं ते व्यसनमुक्ती केंद्र. "उत्तमच आहे," म्हणालात, "पण तिथून घरी आल्यावरही चालत जाता येईल असा ग्रुप लागतोच." यांना तेवढी रजा नव्हती, म्हणून आम्ही ग्रुपच धरला. ज्यांच्या ओळखीत कुणी तात्या नाहीत त्यांच्यासाठी, तुम्ही आमच्या कॅलेंडरवर लिहिलेला नंबर इथे देते: १४४४६, सरकारची मोफत हेल्पलाइन.

पहिली मीटिंग ओपन होती म्हणून मलाही येता आलं. शाळेचा वर्ग, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, आणि पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेली बाप्ये माणसं. एक वकील, एक भाजीवाला. फी नाही, फॉर्म नाही, पिणं थांबवायची इच्छा असली की झालं. मी पाचशेची नोट पुढे केली तर तुम्ही परत केलीत, बाहेरच्यांचे पैसे चालत नाहीत म्हणून. एवढी ताठ संस्था मी दुसरी पाहिली नाही. १९३५ साली अमेरिकेत, ॲक्रन गावात, बिल नावाच्या शेअरबाजारातल्या माणसाला पुन्हा प्यायची हुक्की आली, तेव्हा तो बारऐवजी दुसरा पिणारा शोधत निघाला आणि त्याला डॉक्टर बॉब भेटला, ही ग्रुपच्या जन्माची गोष्ट तिथेच ऐकली. तेव्हा तुमचं 'माझ्यासाठी येतो' मला कळलं. खोटा विनय नव्हता तो. पण म्हणून आमचं देणं फिटत नाही.

आणि माझं वेगळंच देणं आहे. "ह्याचं आम्ही बघतो, तू हिच्याबरोबर जा," असं म्हणून तुम्ही काकूंना माझ्याकडे पाठवलंत. घरच्यांचाही ग्रुप असतो, अल-अनॉन, १९५१ मध्ये त्याच बिलच्या बायकोनं मैत्रिणीबरोबर उभा केलेला. तिथे एका बाईंनी शांतपणे सांगितलं: ही दारू तू लावलेली नाहीस, तुला ती आवरता येणार नाही, आणि बरीही करता येणार नाही. लग्नानंतर प्यायला लागला म्हणजे बायकोचंच काहीतरी चुकत असणार, हे मी सासरी इतकी वर्षं ऐकत आले होते. त्या दिवशी काकूंच्या स्कूटरवर मागे बसून घरापर्यंत रडले. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त गंगापूर रोडला लांबचा वळसा घेतला.

पोळ्याला यांनी परत घेतली तेव्हा मी तुम्हाला रात्री फोन केला. तुम्ही ना चिडलात ना समजूत काढलीत. "उद्या डॉक्टरांना दाखव, संध्याकाळी मी न्यायला येतो," एवढंच. आलात. हे गेले. अजून जातात. पुढचं कुणी सांगावं? तुम्हीही सांगत नाही, स्वतःचंसुद्धा फक्त आजच्यापुरतं बोलता.

हल्ली वर्गाची किल्ली यांच्याकडे असते. बाक लावायला आणि चहा ठेवायला अर्धा तास आधी जातात, आणि साखर फार घालतात अशी तक्रार माझ्या कानावर आलीय. ती तुम्हीच त्यांना सांगा, माझं ऐकत नाहीत.

काकूंचा डबा माझ्याकडेच राहिलाय. गुरुवारी घेऊन येते, रिकामा नाही आणणार.

तुमची,
ताई