राउटरची पॉवर वाढवण्याआधी

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि राउटरच्या सेटिंगचे फोटो मिळाले. मागच्या खोलीत वायफायच्या तीन काड्या दिसतात तरी व्हिडिओ कॉल अडकतो, आणि ट्रान्समिट पॉवर (राउटरचा सिग्नल पाठवण्याचा जोर) 'हाय' केल्यावर काड्या वाढल्या, पण अडकणं तसंच राहिलं. दुखणं नेमकं कुठे आहे ते यातच कळतं.

काड्या एवढंच सांगतात की राउटरचं बोलणं फोनला ऐकू येतंय. फोनचं बोलणं राउटरपर्यंत पोचतं का, ते त्यातून कळत नाही. राउटर २० डीबीएमवर (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) बोलतो, म्हणजे १०० मिलिवॉट. फोन बॅटरी जपतो, त्यामुळे तो साधारण १५ डीबीएमच्या आसपास, म्हणजे ३० मिलिवॉट. दर ३ डीबीला शक्ती दुप्पट किंवा निम्मी होते. राउटर २३ वर नेलास तर त्याचा जोर दुप्पट झाला, फोनचा होता तेवढाच राहिला. आलेल्या डेटाची पोच फोनला प्रत्येक वेळी द्यावी लागते. ती राउटरला ऐकू आली नाही की तो तेच पुन्हा पाठवतो, वेग उतरवतो, परत पाठवतो. तुझा कॉल अडकतो तो इथे. पॉवर 'मीडियम'वर आण. आकडा टाकता येत असेल तर १७ ते २० ठेव. काड्या कमी दिसतील, त्यांच्याकडे बघू नकोस.

खरा फरक चॅनलने पडेल. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो, आणि पट्ट्यातली ठरावीक जागा म्हणजे चॅनल. तुझ्या फोटोत २.४ गिगाहर्ट्‌झला चॅनल ४ आणि विड्थ (सिग्नलची रुंदी) ४० मेगाहर्ट्‌झ आहे. दोन्ही बदल. चॅनल क्रमांक ५-५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर आहेत, पण एक सिग्नल निदान २० मेगाहर्ट्‌झ जागा व्यापतो. चॅनल ४ चा मध्य २४२७, म्हणजे तो २४१७ ते २४३७ पर्यंत पसरतो. शेजारी १ वर असेल तर तो २४२२ पर्यंत येतो, ६ वर असेल तर २४२७ पासून सुरू होतो. तू दोघांच्याही अंगावर आहेस! एकाच चॅनलवर असलेले राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात, वेग वाटला जातो पण काम चालतं. अर्धवट अंगावर आलेल्या चॅनलचं बोलणं मात्र समजत नाही, ते नुसता गोंगाट ठरतं. म्हणून १, ६ किंवा ११ एवढेच पर्याय. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर (आसपासचे सिग्नल दाखवणारं अ‍ॅप) घे, मागच्या खोलीत उभा राहा, आणि या तिघांपैकी ज्यावर सगळ्यात क्षीण शेजारी असतील तो निवड. 'ऑटो' ठेवू नकोस; बरेच राउटर फक्त चालू होताना चॅनल निवडतात आणि मग महिनोन्‌महिने तिथेच बसतात.

विड्थ २० कर. रुंदी दुप्पट केली की गोंगाटही ३ डीबीने जास्त आत येतो. जवळ चालतं, लांबच्या खोलीत ते नडतं.

५ गिगाहर्ट्‌झ पुढच्या खोलीसाठी ठेव, चिऱ्याच्या भिंतींपलीकडे ते फार टिकणार नाही. त्याला वेगळं नाव दे आणि मागच्या खोलीतला फोन २.४ वरच जोड. चॅनल ३६ किंवा १४९, विड्थ ८०. रीजनमध्ये 'इंडिया'च असू दे: आपल्याकडे २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झमधला ६०५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला, त्यामुळे दुसरा देश निवडून काही मिळवायचं राहिलेलं नाही. ५२ ते १४४ मधले चॅनल टाळ. तिथे बरेच राउटर रडार आहे का हे आधी किमान एक मिनिट ऐकतात. नाव दिसत नाही म्हणून माणूस राउटर बंद-चालू करतो आणि ते मिनिट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२-एईएस ठेव. टीकेआयपी ही जुनी सुरक्षा पद्धत राहिली तर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही. बीकन इंटरव्हल १०० आणि आरटीएस २३४७ हे बाकीचे आकडे आहेत तसेच राहू देत.

आणि राउटर टीव्हीमागच्या कोनाड्यातून काढ, मंदार. टीव्हीचा धातूचा पत्रा त्याच्या तोंडावर आहे. दीड-दोन मीटर उंचीवर, मागच्या खोलीच्या दाराशी सरळ रेषेत लाव. अँटेना उभ्या ठेव. सिग्नल अँटेनाच्या बाजूंना पसरतो, टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी. अँटेना खोलीकडे 'रोखून' धरली तर उलट नुकसान होतं. वरच्या माळ्यावर हवं असेल तर दोनपैकी एक आडवी कर.

एका वेळी एकच गोष्ट बदल, 'सेव्ह' कर, रेडिओ पुन्हा सुरू व्हायला अर्धा मिनिट थांब, आणि पलंगाजवळच्या त्याच जागी अ‍ॅपमधला डीबीएमचा आकडा आणि स्पीड टेस्टचे जाणारे-येणारे दोन्ही वेग लिहून ठेव. उणे ६७ किंवा त्याहून चांगला (उणे ६०, उणे ५५) आला तर कॉल नीट चालेल. उणे ७५ च्याही खाली राहिला, तर सेटिंगमध्ये आणखी हात घालू नकोस. मग मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ नेटवर्क केबल ओढून तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून येणारं नेट वायफायने देणारी पेटी) लावू. केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुझ्या घराला पंचवीस पुरेल. पहिला राउटर चॅनल १ वर असेल तर हा दुसरा ११ वर ठेवायचा.

आकडे कळव, त्यावरून ठरवू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिकेत