मिस्त्रीकाका, त्या तीन इंचांसाठी आभार

ती. मिस्त्रीकाकांस,
सा. न. वि. वि.

काका, तुमचा हिशेब वेळेवर पुरा झाला, आभार मात्र मानायचे राहिले. पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहिलंय, कारण तुमचं खरं काम भिंतीआड आणि मातीखाली गेलं आहे. येणारा-जाणारा ग्रॅनाइटचा रंग बघतो. पाण्याचा उतार कुणाला दिसत नाही, आणि आमचं स्वयंपाकघर नि मागची परसबाग दोन्ही त्याच्याच जिवावर चालली आहेत.

सिंकपासून मागच्या चेंबरपर्यंत 12 फूट. फुटाला पाव इंच धरला तर 3 इंच उतार हवा. फरशी फोडायच्या आधीच तुम्ही लेव्हलच्या नळीत पाणी भरून भिंतीवर दोन्हीकडे पेन्सिलीच्या खुणा केल्यात, आणि 3 इंच मिळतात की नाही ते पाहूनच सिंकची जागा ठरवलीत. पुष्कळदा उलटं होतं. आधी ओटा ठरतो, मग पाइपाला मिळेल तो उतार. तो कमी पडला की पाणी निघून जातं, पण तेल मागे राहतं, पाइपाच्या तळाला थिजतं, त्यावर भाताची शितं आणि चहाचा चोथा बसतो, आणि मग दर थोड्या दिवसांनी सिंक तुंबतं. दीड इंची पाइप चालला असता, तरी तुम्ही 2 इंची घातलात. काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन बेंड जोडलेत आणि भिंतीबाहेर झाकणाचा डोअर बेंड ठेवलात. तुंबलंच कधी तर तार तिथून घालायची, ओट्याला हात लावायला नको.

सिंकखाली वळ्यावळ्यांची लवचिक नळी न लावता बॉटल ट्रॅप, म्हणजे तळाशी पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा जोड, लावलात, त्याचेही आभार. त्या नळीला झोळ पडतो आणि वळ्यांत घाण साठते. ट्रॅपमध्ये 2 इंच पाणी कायम उभं असतं, तेवढंच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. चार दिवस गावाला जाताना सिंकमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडं तेल ओतायला तुम्ही सांगितलंत. तेलाचा थर असला की पाणी लवकर आटत नाही.

जांभ्याच्या चिऱ्याची भिंत असल्यामुळे झिरी, म्हणजे पाइप बसवायची चर, मारताना तुम्ही हातोडा टाळून कटर वापरलात. ठोकाठोकीने चिरा ठिसूळ होऊन सुटतो. चिरा पाणीही भराभर पितो, म्हणून गिलाव्याआधी भिंत चांगली भिजवून घेतलीत. कोरड्या चिऱ्यावर मारलेल्या मालातलं पाणी भिंत ओढून घेते, सिमेंटला जोर धरायला पाणीच उरत नाही आणि गिलावा पुढे पोकळ वाजतो. गिलाव्यावर 7 दिवस पाणी मारत राहिलात.

नळाचे सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचे, पाइप जोडून झाल्यावर तोंडांना बुचं लावलीत, पंपाने दाब दिलात आणि रात्रभर काटा हलतो का ते पाहिलंत. तो जागचा हलला नाही, तेव्हाच झिरी बुजवायला घेतलीत. उघड्या झिरीवर टेप धरून फोटो काढून ठेवायला लावलात, ते तर फारच मोलाचं. पुढे भिंतीत खिळा ठोकताना पाइप कुठून गेलाय हे त्या फोटोतच कळणार. पितळी एल्बोचं तोंड टाइलच्या पातळीत आणलंत, म्हणून नळाची चकती भिंतीला घट्ट टेकली. एल्बो आत राहिला की जोडतुकडा घालावा लागतो आणि टाइलमागे गळती व्हायला एक जागा वाढते.

ओट्याची उंची कागदावरून न घेता स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उभं करून घेतलीत. कोपर काटकोनात वाकवायचं आणि त्याच्या 4 इंच खाली ग्रॅनाइटचा माथा. आमचा 33 इंच आला. शेगडीखाली पूर्ण लेव्हल, आणि सिंकलगतच्या 2 फुटांत सिंककडे 3-4 मिलिमीटर उतार. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला खालून कटरने एक बारीक खाच मारलीत. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी थांबतं आणि तिथूनच खाली टपकतं. खाच नसती तर ते दगडाच्या पोटाला चिकटून आत गेलं असतं आणि प्लायची दारं फुगली असती. सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला जाळी तळाशी ठेवलीत, कारण गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचणार.

आता मागच्या अंगणाकडे येते. कोकणात मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावायची रीत जुनीच, पण तेव्हा भांडी राखेने घासत. आजच्या साबणाचं आणि तेलाचं पाणी तसंच सोडलं तर मातीच्या वर तेलाची साय धरते, पाणी मुरत नाही, वास येतो, डास होतात. तुम्ही मध्ये दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट खोल चेंबर बांधलंत आणि बाहेर जाणाऱ्या तोंडाला टी, म्हणजे तीन तोंडांची पाइपाची जोडणी, उभी बसवलीत. तिचा खालचा पाय पाण्यात 6 इंच बुडलेला आणि वरचं तोंड उघडं. तेल तरंगतं, म्हणून ते चेंबरमध्येच राहतं आणि पुढे जातं ते मधलं पाणी. दर 15 दिवसांनी आम्ही जुन्या झाऱ्याने वरची साय काढतो आणि भुशात कालवून कचऱ्यात देतो. कंपोस्टात ती घालत नाही, तेलाने ढिगातली हवा कोंडते.

तिथून पाणी 3 फूट लांब-रुंद आणि अडीच फूट खोल अशा खडीच्या दोन खड्ड्यांत जातं. एका तोंडाला बूच, दुसरं चालू, आणि 15 दिवसांनी अदलाबदल. एक खड्डा पाणी पितो तोवर दुसऱ्याला सुकायला आणि हवा घ्यायला वेळ मिळतो. कडेने कर्दळ, अळू आणि केळ लावली आहे. अळू शिजवूनच खातो, म्हणून चालतं. कोथिंबीर, मुळा, गाजर यांना मात्र हे पाणी देत नाही. बादलीत साठवूनही ठेवत नाही, दिवसभरात त्याला घाण वास सुटतो.

काका, आणखी एका गोष्टीसाठी हात जोडते. माल कालवायला तुम्ही पत्रा अंथरलात, वाफ्यांवर ताडपत्री टाकलीत आणि घमेली-थाप्या धुवायला फाटकाजवळ वेगळा खड्डा केलात. राडारोडा रोज गोणीत भरून बाहेर गेला. दुसरा कुणी असता तर सगळं कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतलं असतं. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते, मग मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतात. खरा उपाय म्हणजे वरची 6 ते 9 इंच माती काढून नवी माती आणि शेणखत भरणं. आमच्याकडे ती वेळ आली नाही, कढीपत्ता कोवळ्या फुटव्याने भरला आहे.

मुसळधार पाऊस लागला की दोन्ही खड्डे भरून उलट पाणी येऊ नये म्हणून तिसरं तोंड गटारात काढून दिलंत. मृगाआधी तिथलं बूच उघडायचं, दिवाळीनंतर लावायचं, असं चेंबरच्या झाकणामागे ऑइल पेंटने लिहून ठेवलं आहे.

अळूची पानं आता तळहाताहून मोठी झाली आहेत. काकूंना वड्यांसाठी दहा-बारा काढून ठेवते. इकडे आलात की घेऊन जा, आणि आलातच तर डोअर बेंडच्या झाकणाचं रबर एकदा बघून द्या.

आपली कृतज्ञ,
जांभ्याच्या घरातली ताई