आई-बाबा, ती गादी बदलूया

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हे सांगायला गेले की बाबा "बरं बरं, बघूया" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई लगेच विचारते जेवलीस का, मग विषय तिथेच राहतो, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

चवथीला मी आले होते तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीत एक रात्र तुमच्याच खोलीत खाली चटई घालून झोपले होते ना, त्या रात्रीचं सांगतेय. पहाटे चारच्या सुमाराला मला जाग आली तर आई पलंगाच्या कडेला बसलेली. गादीची कड तिच्या वजनानं आत दबलेली, तरी पाय पुरते जमिनीला लागत नव्हते, नुसती बोटं टेकलेली, आणि एका हातानं खिडकीचा गज धरून ती उठायला बघत होती. एकदा झालं नाही, दुसऱ्यांदा झालं नाही, तिसऱ्यांदा झोका घेतल्यासारखं पुढे होऊन उठली आणि कंबरेवर हात ठेवून तशीच काळोखात उभी राहिली, कितीतरी वेळ. मी झोपल्याचं सोंग घेतलं, कारण मी उठले असते तर तू म्हणाली असतीस "काय नाय गो, झोप तू". आई, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये, आणि त्याचं जास्त वाईट वाटतं कारण ती गादी मीच आणलीय.

दोन वर्षांपूर्वी बाबांना सत्तर पूर्ण झाली म्हणून आणली होती. तुम्हाला विचारलं नाही, सरप्राइज द्यायचं होतं. इथे मडगावात एका शोरूममध्ये गेले, हातानं दाबून बघितली, दोन मिनिटं बसले, किती मऊ, किती जाड, आठ इंच, मेमरी फोम, सेल्समन म्हणाला नासाचं संशोधन आहे, आणि मी पैसे भरून मोकळी झाले. तुम्ही दोघंही "मस्त आहे" म्हणालात आणि त्यानंतर एका शब्दानं तक्रार केली नाहीत. पण चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी चादर बदलायला गेले तर बाबांच्या बाजूला दोन जुन्या चादरी घडी करून घातलेल्या, खड्डा भरायला. आणि खाली बघते तर गादीवरचं प्लास्टिक तसंच! आईनं गादी मळू नये म्हणून ठेवलेलं. एका बाजूनं गादी उचलली तर प्लायवर काळी बुरशी. तुम्ही दोघं दोन वर्षं अशा गादीवर झोपताय आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प आहात, हे मला आता सहन होत नाही.

तेव्हापासून मी बरंच वाचलं, चार दुकानं फिरले, माझ्या फिजिओ मैत्रिणीला विचारलं. ते आता सगळं सांगते.

नासाचं खोटं नव्हतं. १९६६ च्या सुमाराला ते फोम नासासाठीच तयार झालं, पण विमानाच्या सीटसाठी, धक्का बसला तर माणूस वाचावा म्हणून. अंगाची उष्णता लागली की ते मऊ होतं आणि आपण जिथे पडलोय तिथे साचा तयार होतो. तरण्या माणसाला ते छान वाटत असेल, पण आईसारख्या हलक्या अंगाच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला कूस बदलायची म्हणजे दर वेळेला त्या साच्यातून बाहेर यायचं. शिवाय आपल्याकडची हवा! एप्रिल-मेमध्ये पंखा फुल असला तरी पाठ भिजते, आणि हे फोम उष्णता धरून ठेवतं. तू म्हणायचीस ना पाठीखाली भट्टी पेटल्यासारखं वाटतं, मी समजले वयामुळे होत असेल. ती गादीच होती आई.

आता बाबांचं. बाबा, तुमचं ठरलेलं वाक्य, "फळीवर झोपावं, पाठ सरळ राहते." पूर्वी डॉक्टरसुद्धा तसंच सांगायचे हे खरं आहे. पण २००३ मध्ये लॅन्सेट नावाच्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता, कंबरदुखीची ३१३ माणसं, निम्म्यांना कडक गादी दिली आणि निम्म्यांना मध्यम कडक, कोणाला कुठली दिलीय ते माहीत नाही, आणि ९० दिवसांनी मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं. म्हणजे मऊपण नको आणि फळीपण नको.

आणि बाबा, आधार म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायची गरजच नाही. तीस वर्षं बस चालवलीत, सीटवर बसल्यावर पहिलं काम काय, टॉवेलची घट्ट गुंडाळी करून कंबरेच्या मागे ठेवायची. मला आठवतंय, निळ्या पट्ट्यांचा टॉवेल, आई दर रविवारी धुवायची. सीट कितीही चांगली असली तरी कंबरेच्या खोलगट जागेत काहीतरी भरलेलं पाहिजे, नाहीतर तिठ्यापर्यंत पाठ जाते, असं तुम्हीच म्हणायचात. गादीचं तेच आहे. फळीवर पाठ आणि कुल्ले टेकतात, कंबर अधांतरी राहते. एकदम मऊवर कुल्ले बुडतात आणि कंबर वाकते. दुकानात उताणं पडून कंबरेखाली हात घालून बघायचा. हात आरपार सहज गेला तर गादी फार कडक, मुळीच जात नसेल तर फार मऊ, थोडा घासत घासत गेला तर आपली.

पण ही परीक्षा बाबांची, कारण बाबा उताणे झोपतात. आई, तू डाव्या कुशीवर झोपतेस, तुझं सगळं वजन खांदा आणि खुबा या दोन हाडांवर येतं, तेवढी दोन ठिकाणं थोडी आत गेली पाहिजेत आणि कणा मानेपासून माकडहाडापर्यंत सरळ रेषेत राहिला पाहिजे. तुझं वजन ४८, बाबांचं ८२. एकच गादी दोघांना कशी चालेल? मला हे आधी सुचायला हवं होतं. म्हणून मी ठरवलंय की दोन वेगळ्या गाद्या घ्यायच्या, ३६ इंची, त्याच पलंगावर शेजारी शेजारी. मी तुमचा पलंग आतून मोजला होता, ७५ बाय ७२, दोन बरोबर बसतात. वरून एकच चादर घालता येते, कोणाला काही कळणार नाही, आणि बाबा रात्री तीनदा उठतात तेव्हा आईची झोप मोडणार नाही. उंची मात्र दोन्हींची सारखी हवी, नाहीतर मध्ये पायरी होईल.

उंचीवरून आठवलं, त्या दिवशी मी आईच्या शिवणाच्या टेपनं मोजत होते आणि तू हसत होतीस, ते याचसाठी. गुडघ्याच्या मागून जमिनीपर्यंत तुझे १६ इंच. पलंगाची फळी जमिनीपासून १४ इंच, त्यावर ही आठ इंची गादी म्हणजे २२. पाय टेकतीलच कसे! कडेला बसल्यावर तळवे पूर्ण जमिनीवर आणि गुडघे काटकोनात, किंवा मांडी गुडघ्यापेक्षा किंचित वर, एवढं असलं की उठताना गज धरावा लागत नाही. पाच इंचाची घेतली तर १९ होतात, बसल्यावर इंचभर दबणार, म्हणजे जमतंय. आणि कड घट्ट पाहिजे, हे दुकानात कडेवर बसूनच कळतं, झोपून नाही.

कशाची घ्यायची यावर माझं मत झालंय, पण शेवटी तुम्ही झोपून बघाल तेच खरं. आईसाठी खाली रबराइज्ड काथ्या, म्हणजे रबर लावून घट्ट केलेला नारळाचा काथ्या, आणि वर दोन इंच लॅटेक्स. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीकच, सत्तरी तालुक्यात जाताना झाडांना वाट्या बांधलेल्या दिसतात ना, तो. लॅटेक्स दाबला की लगेच परत वर येतो, साचा धरत नाही, त्यामुळे कूस बदलणं सोपं. पण काही दुकानात सिंथेटिक मिसळलेलं नॅचरल म्हणून देतात, बिलावर किती टक्के ते लिहून घ्यायचं. बाबांना काथ्याचीच जरा कडक, वर इंचभर फोम. फोमची डेन्सिटी विचारायची, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, ३२ की ४०. जास्त वजनाचं फोम सहसा लवकर बसत नाही. पण डेन्सिटी वेगळी आणि कडकपणा वेगळा, दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात. आणि "ऑर्थोपेडिक" लिहिलंय म्हणून भुलायचं नाही, ते नाव कंपनीच देते, तुमची पाठ बघून कोणी दिलेलं नसतं.

बाबा म्हणतील यापेक्षा आमची कापसाची गादी बरी होती. बरी होतीच! मला तो पिंजारी अजून आठवतो, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसात यायचा, अंगणात धनुकलीचा तो टणटण आवाज, कापूस नाकातोंडात जायचा आणि आजी ओरडायची. दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतली की नवी, मे महिन्यात उन्हात टाकली की कडक वास यायचा. पण आता नीट पिंजून देणारा शोधावा लागतो, न पिंजता कापूस दबून गोळे होतात, आणि पावसात तर ओल शोषून गार पडते. एक पातळ करून वसरीवर दुपारी पडायला ठेवूया, तेवढी हौस राहू दे.

ओलीचं मात्र आधी बघायला पाहिजे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात आपल्या साखळी गावात वाळवंटी नदी एवढी जवळ, चार महिने भिंतींना हात लावला तरी ओले लागतात. पलंगाचा प्लाय सलग आहे, हवा खेळायला जागाच नाही, अंगाचा घाम खाली उतरतो आणि तिथेच अडकतो. सुताराला मी सांगितलंय, प्लाय काढून लाकडी पट्ट्या मारेल, दोन-दोन इंचांची फट ठेवून. गादी आल्याबरोबर प्लास्टिक काढायचं, आई, त्याऐवजी धुता येणारं कॉटनचं कव्हर मी शिवून आणते. सकाळी उठल्या उठल्या पलंग आवरू नका, अर्धा तास चादर बाजूला करून पंखा चालू ठेवा. बाबांच्या सकाळच्या पाच-सहा शिंका मला वाटतं त्या ओलीच्याच आहेत, दमट गादीत बारीक किडे वाढतात, डोळ्यांना दिसत नाहीत, चादरी आणि उशांचे अभ्रे कडकडीत गरम पाण्यात धुतले की मरतात. लॅटेक्सची गादी मात्र उन्हात टाकायची नाही हं, उन्हानं रबर फुटतं, सावलीत वाऱ्यावर उभी करायची. दर तीन महिन्यांनी उशाची बाजू पायथ्याला करायची, ते तुम्ही करू नका, मी आले की करेन, वीसेक किलोची असते ती.

तोपर्यंत दोन गोष्टी आजपासून करा. आई, झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घे, खुब्यावरचा ताण कमी होतो. आणि उठताना सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि त्याच वेळी हातानं गादीला रेटा देऊन वर यायचं. माझ्या मैत्रिणीनं मला करून दाखवलं, मी तुला तिथे करून दाखवेन. बाबा, तुम्ही गुडघ्यांखाली उशी घ्या, आणि त्या घडी केलेल्या चादरी काढा, त्यांच्या कडा टोचतात फक्त.

ऑनलाइन मागवलं तर बऱ्याच कंपन्या शंभर रात्री वापरून बघा म्हणतात, पण परत द्यायची झाली तर साखळीला येऊन उचलतात का ते लेखी घेतल्याशिवाय मी मागवणार नाही. आणि मला आता न झोपता घ्यायचीच नाहीये. जुन्या गादीला लागलेल्या पैशांचं मनात आणू नका बाबा, ते माझे चुकले, तुमची पाठ त्याची भरपाई करतेय ते मला नको.

मंगळवारी मी सुट्टी घेतलीय. साडेनवाला गाडी घेऊन येते, म्हापशाला जाऊ, शुक्रवारी बाजाराची गर्दी असते म्हणून मुद्दाम मंगळवार. दोन दुकानं मी बघून ठेवलीत, दोघंही म्हणाले की पंधरा मिनिटं काय अर्धा तास झोपा. आई, तू लाजशील मला माहीत आहे, दुकानात चारचौघांत पडायचं कसं म्हणशील, पण मी तुझ्या शेजारी पडेन, आपण दोघी भिंतीकडे तोंड करून झोपू. साडी नको, सैल कुर्ता घाल. बाबा, चप्पल सहज काढता येईल अशी घाला. आणि तुमच्या रोजच्या उशा बरोबर घ्यायच्यात, दुकानातल्या उशीवर मानेचा अंदाज चुकतो. मोठ्या पिशवीत सोमवारी रात्रीच... नाही, रात्री तर त्या लागतील, मंगळवारी सकाळी उठल्या उठल्या भरून दाराशी ठेव.

तुमची,
बाय