बांधावरच्या गवताला रोटरीच बरी

भुसावळ

प्रिय बंड्या,

पत्र मिळालं. “जुनं लॉनमोअर मिळतंय, घेऊ का?” एवढंच एका ओळीत विचारलंस. एका ओळीत उत्तर देणारा मी नव्हे, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे.

घे भो, पण रोटरी असेल तरच. सिलिंडरवालं दिसायला देखणं असतं, मान्य. 1830 साली इंग्लंडात स्ट्राउडच्या एडविन बडिंगने ते काढलं, लोकरी कापडावरचे तंतू कातरणारं मिलचं यंत्र बघून. अमळनेरच्या मिलमध्ये जन्म घालवलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना ही अक्कल लगेच पटेल. फिरती पाती खालच्या पट्टीशी भिडून गवत कात्रीने कापल्यागत कापतात. पण त्याला लाडावलेलं, बेताचं गवत लागतं. तुझ्या यावलच्या जमिनीवरचा गुडघाभर कुंदा त्याच्यापुढे नुसता आडवा पडेल आणि मशीन पुढे गेलं की पुन्हा उभा राहील.

रोटरीला पट्टी नाही, कात्री नाही. आडवं पातं नुसत्या वेगाने गवत तोडतं. अर्ध्या मीटरचं पातं मिनिटाला 3000 फेरे मारत असेल, तर टोकाचा वेग ताशी 280 किलोमीटरच्या पुढे जातो. खरी गंमत पात्याच्या मागच्या कडेला आहे. ती जराशी वर वळवलेली असते. त्यामुळे झाकणाखाली वारा उठतो, लोळलेलं गवत उभं राहतं आणि मगच कापलं जातं. ज्याने कुणी ती कड पहिल्यांदा वळवली असेल, त्याला माझा दंडवत.

ब्रिटनमध्ये रोटोसाइद नावाचं रोटरी यंत्र 1933 मध्येच आलं होतं. पण माझा जीव जडलाय तो सिडनीच्या मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसनवर. 1952 मध्ये त्याने घरामागे भंगारातून मशीन जुळवलं. व्हिलियर्स कंपनीचं इंजिन आडवं टाकलं आणि पेट्रोलची टाकी म्हणून पीचचा रिकामा डबा लावला! त्यातून व्हिक्टा कंपनी उभी राहिली. टू-स्ट्रोक इंजिन, लुनासारखं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. खाली वेगळं ऑइल साठत नाही, म्हणून मशीन उतारावर कललं तरी इंजिनाला वंगण मिळतं. व्हिक्टाची पाती एका चकतीला सैल बसवलेली असत. दगड लागला की मागे सरकायची. सातपुड्याच्या पायथ्याशी हे फार कामाचं. सरळ एकसंध पात्याला मोठा दगड लागला, तर क्रँकशाफ्ट, म्हणजे पातं फिरवणारा इंजिनाचा दांडा, वाकते.

पुढे फ्लायमो आली, हवेवर तरंगणारी, चाकंच नसलेली. हौसेला ठीक.

आता मशीन बघायला जाशील तेव्हा पहिल्यांदा स्पार्क प्लग काढ, म्हणजे इंजिन चुकूनही चालू होणार नाही. मग हाताने पातं फिरव. टोक वर-खाली होत असेल तर क्रँक वाकली आहे असं समज आणि चालू लाग. फ्लायव्हीलची चावी, म्हणजे इंजिनाचं जड चाक दांड्यावर जागेला धरणारी लोखंडी खुंटी, कापली गेली असेल तर घाबरू नकोस. ठिणगीचं टायमिंग सरकल्यामुळे इंजिन चालू होत नाही, पण ती चावी स्वस्तात बसते. विकणाऱ्याला मात्र हे सांगू नकोस, भाव पाड.

आणि गवतात पाय घालण्याआधी बूट घाल. तू चपलेवर शेतात जातोस, मला माहीत आहे.

मशीन ठरलं की कळव. कार्ब्युरेटर मीच खोलणार. वहिनींना सांग, कळण्याची भाकरी आणि भरीत तयार ठेवा.

तुझा,
आप्पा