अर्थिंगची पिन मोडू नका

महोदय,

आमच्या गल्लीतला एक मुलगा गणपतीत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याने हौसेने व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा) जुना अॅम्प्लिफायर घेतला आणि महिन्याभरात तो उचलून माझ्याकडे आला. "काका, चालू केला की नुसता घूं करतोय बघा. पिन मोडली की थांबेल म्हणाले एक जण." प्लगची जाड पिन त्याने खरोखरच मोडली होती. त्या पिनेसाठीच हे पत्र लिहितो आहे.

लक्ष्मीपुरीत मी ३५ वर्षे रेडिओ दुरुस्त केले. घूं ऐकू आली की आधी कान लावायचा, पेचकस नंतर. मुलाला म्हटलं, गिटारची सगळ्यात जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून वाजव. तो सूर सेकंदाला ९८ कंपनांचा. अॅम्पची घूं त्याच्या किंचित वर लागत होती, म्हणजे १०० ची. आपली वीज ५० हर्ट्झची, पण रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्ध्या लहरी एकाच दिशेला वळवतो, म्हणून डीसीवर उरलेली लहर १०० ची होते. ती गाळायचं काम फिल्टर कंडेन्सरचं. घूं एक सप्तक खाली असती, तर मी फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) तारा आणि अर्थिंग आधी पाहिलं असतं.

व्हॉल्यूम शून्यावर नेला, घूं तशीच. बंद करून पहिला व्हॉल्व्ह, ईसीसी ८३, काढला, पुन्हा लावून पाहिलं, तशीच. फेज फिरवणारा व्हॉल्व्ह काढला, तरी तशीच. म्हणजे दोष पुढे, पॉवरच्या बाजूला. तिथला कंडेन्सर आतून वाळला होता. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा नवा घातला आणि अॅम्प शांत झाला. (स्विच बंद केल्यावरही या कंडेन्सरमध्ये तीन-चारशे व्होल्ट साठून राहतात. मुलांनी व्हिडिओ पाहून असली पेटी उघडू नये. रेझिस्टर लावून तो रिकामा करून, मीटरने खात्री केल्याशिवाय मीसुद्धा आत हात घालत नाही.) प्लगही नवा बसवला, तीन पिनांचा.

आठवड्याने मुलाचा फोन आला. शहरातल्या एका सभागृहात तालीम होती आणि घूं परत आली होती. मीटर घेऊन गेलो. या वेळी सूर खालचा, ५० चा. स्टेजवरच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट बरोबर दाखवत होते. फेज आणि अर्थमध्ये मात्र काटा हेलकावत होता, कशावरच थांबेना. बोर्ड उघडून घेतला. अर्थच्या भोकामागे तारच नव्हती! माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरचा बोर्ड मागच्या भिंतीला, तिथे अर्थिंग व्यवस्थित. तिथूनच एक्स्टेंशन ओढून अॅम्पला दिलं आणि आवाज गेला.

घूं कानाला बोचते, पण मला भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून अॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात आणि गायकाच्या ओठाजवळचा माइक मिक्सरच्या अर्थला. पिन मोडलेल्या अॅम्पमध्ये फेज पत्र्याला लागला, तर गिटारवर हात आणि माइकला ओठ लावलेला माणूसच मधली तार होतो. ती पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवलेली असते, ती आधी जुळावी आणि शेवटी सुटावी म्हणून. तीच आपण पकडीने मोडतो.

सभागृहांच्या व्यवस्थापकांना आणि मंडळांना हात जोडून विनंती आहे. गणपतीच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घाला. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, मंगळवार पेठेतल्या कुठल्याही मंडळाने बोलावलं, तर माझा मीटर घेऊन मी मांडवात येईन. पैसे घेणार नाही.

आपला,
एक जुना रेडिओ मेकॅनिक
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर