आम्ही राहायला येण्यापूर्वी: बाबांच्या रिव्हॉल्व्हरविषयी

कोथरूड, पुणे
दि. ४ मे

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार अखेर नोंदवला गेला असून जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला फ्लॅट रिकामा करून द्यायचा आहे. बिल्डर तीन वर्षे म्हणतो आहे, तेव्हा आपण चार धरून चालू. भाड्याचे घर शोधू नका, सहकारनगरचा आपला बंगला आम्हा दोघांपुरता अर्धाअधिक रिकामाच पडला आहे, असे तुम्ही दोघांनी आपणहून म्हटलेत, याचे आम्हा दोघांनाही फार समाधान वाटले. सामान, शाळेची बस, वरच्या खोलीचा गळका कोपरा, हे सगळे बोलून ठरेल. हे पत्र केवळ एका गोष्टीसाठी आहे, आणि ती गोष्ट ईशान व ओवी त्या घरात राहायला येण्यापूर्वी मार्गी लागावी, अशी माझी विनंती आहे.

बाबा, तुमच्या रिव्हॉल्व्हरविषयी मी समोरासमोर बोलू शकले असते. परंतु मुले आजूबाजूला असताना तो विषय काढणे बरे नव्हे आणि मुले नसताना तुम्ही तो हसण्यावारी नेता. शिवाय आयुष्यभर ठेकेदारी करताना तुम्ही प्रत्येकाला 'तोंडी नको, लेखी द्या' असेच सांगत आलात. म्हणून लेखी देते आहे.

शेजारच्या गल्लीत घरफोडी झाल्यापासून रिव्हॉल्व्हर कपाटाच्या आतल्या लॉकरमधून निघून तुमच्या पलंगालगतच्या खणात आले आहे, आणि ते भरलेले आहे, असे आईने मला सांगितले. आईवर रागावू नका. तिने तक्रार केली नाही, पलंगाखाली झाडू फिरवतानाही तिला आता धास्ती वाटते एवढेच ती बोलली. तुम्ही परवाना काढलात तेव्हा दर शनिवारी मजुरांचा पगार रोख घेऊन भोसरीच्या साइटवर जावे लागे, त्यामुळे त्या काळी त्याला कारण होते. आज घरात तुम्ही दोघेच आहात, तोवर त्या खणाचा धोका तुमच्यापुरता आहे. जूनपासून त्याच खोलीत नऊ वर्षांचा एक मुलगा आणि चार वर्षांची एक मुलगी दिवसभर ये-जा करणार आहेत.

'ईशान समजूतदार आहे आणि ओवीचा हात तिथे पोहोचत नाही' हे तुमचे म्हणणे मला ठाऊक आहे. ओवीचा हात आज पोहोचत नाही हे खरे, पण ती स्टूल ओढत नेते, हे तुम्ही दिवाळीत फराळाच्या डब्यांच्या बाबतीत पाहिले आहे. ईशान समजूतदार आहे, हेही खरे. परंतु समजूतदार मुलांनाही कुतूहल असते आणि मित्र असतात. अमेरिकेत 'पीडियाट्रिक्स' या बालवैद्यकाच्या नियतकालिकात २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलांना दोन-तीन जणांच्या गटांनी एका खोलीत बसवले होते आणि तिथल्या एका खणात निकामी केलेले खरे पिस्तूल ठेवलेले होते. एकूण २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांमध्ये कोणी ना कोणी चाप ओढला. ज्यांनी हाताळले किंवा चाप ओढला, त्यांपैकी बहुतेकांना बंदुकीविषयी काय करावे आणि काय करू नये हे आधी कोणीतरी शिकवलेले होते. तो देश वेगळा आणि तिथल्या घरांतील बंदुकांचे प्रमाणही वेगळे, हे मान्य; पण नऊ वर्षांचा मुलगा आणि उघडा खण यांचे नाते तिथेही तेच आणि इथेही तेच आहे.

आपल्याकडे तर त्यात दिवाळीची भर आहे. टिकल्यांचे पिस्तूल समोरच्यावर रोखायचे, 'ठो' म्हणायचे आणि समोरच्याने पडायचे, हा खेळ ईशान तीन वर्षांचा असल्यापासून खेळतो आणि त्यात आपण सर्वांनी पडून दाखवले आहे. खऱ्या रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न चढवता ओढायला जोर लागतो, म्हणून लहान मुलाला तो ओढता येणार नाही, अशी एक समजूत असते. मूल एका बोटाने ओढत नाही. ते दस्ता उलटा धरून दोन्ही अंगठे चापावर दाबते, आणि त्या वेळी नळी त्याच्याच छातीकडे असते. हे लिहिताना माझा हात थांबतो आहे, पण लिहिल्याशिवाय तुम्ही ते मनावर घेणार नाही, हेही मला माहीत आहे.

यावर तुम्ही म्हणाल की, ठीक आहे, पुन्हा गोदरेजच्या कपाटात ठेवतो. कपाट भक्कम आहे, यात शंका नाही. प्रश्न किल्लीचा आहे. ती किल्ली माझ्या लहानपणी देव्हाऱ्यातल्या शंखाखाली असे, पुढे कालनिर्णयच्या मागच्या खिळ्यावर आली आणि आता ती आईच्या मसाल्याच्या डब्यामागे असते. मला आणि दादाला प्रत्येक जागा ठाऊक होती आणि ईशानला आजची जागा ठाऊक आहे, कारण मागच्या सुट्टीत त्यानेच मला ती आणून दिली. त्या कपाटात दागिने, मुदतठेवीच्या पावत्या, आईच्या पैठण्या आणि आहेराची पाकिटे असतात. ते दिवसातून दोनदा उघडते आणि घरातल्या प्रत्येकाला त्याचे काम पडते. ज्या कपाटाची किल्ली सगळ्यांना लागते, त्यात शस्त्र ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, रिव्हॉल्व्हरसाठी स्वतंत्र, लहान पोलादी तिजोरी घ्यावी आणि ती तुमच्या खोलीतल्या विटांच्या भिंतीत बोल्टने पक्की बसवून घ्यावी. ती नुसती कपाटात ठेवून भागणार नाही, कारण हलकी तिजोरी चोर शस्त्रासकट उचलून नेतो, आणि ज्याच्या भीतीने आपण शस्त्र ठेवले त्याच्याच हाती ते पडते. कुलूप आकड्यांचे असावे. बोटाच्या ठशाचे कुलूप मला नको वाटते, कारण उतारवयात बोटांवरच्या रेषा झिजतात आणि ते यंत्र ऐन वेळी तुम्हालाच ओळखणार नाही. आधारच्या वेळी आईला किती वेळा अंगठा टेकवावा लागला, ते आठवा. आकडा मात्र नातवंडांच्या जन्मतारखेचा नसावा, तुमच्या लग्नाच्या तारखेचा नसावा आणि स्कूटरच्या नंबराचा तर मुळीच नसावा, कारण घरातले सगळे पासवर्ड तुम्ही त्याच तीन आकड्यांतून बनवता आणि ईशान तुमचा मोबाइल त्यांतूनच उघडतो. तिजोरीसोबत आलेली जादा किल्ली घरात न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी.

तिजोरीत जाणारे रिव्हॉल्व्हर रिकामे असावे. सिलिंडर बाहेर काढून सहाही घरे डोळ्यांनी पाहावीत, बोटाने चाचपावीत, आणि मगच ते आत ठेवावे. 'मी कालच रिकामे केले होते' यावर कधीच विसंबू नये. सिलिंडर उघडा असताना त्याच्या रिकाम्या चौकटीतून लहान कुलपाची कडी ओवली तर सिलिंडर बंदच होऊ शकत नाही, आणि तिजोरी चुकून उघडी राहिली तरी ते शस्त्र चालत नाही. हे कुलूप शे-दोनशे रुपयांत मिळते. काडतुसे याच तिजोरीत ठेवू नयेत; ती वेगळ्या कुलपाच्या पेटीत, वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या किल्लीने ठेवावीत. वर म्हटलेल्या प्रयोगानंतर काही वर्षांनी, २००५ मध्ये, अमेरिकेतल्याच वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात शस्त्र कुलपात, शस्त्र रिकामे, काडतुसे कुलपात आणि काडतुसे वेगळ्या जागी या चारही सवयी तपासल्या होत्या. त्यांतील प्रत्येक सवय असलेल्या घरांत मुलांना चुकून गोळी लागण्याचे आणि किशोरवयीन मुलांनी स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण कमी आढळले होते. दुसऱ्या कारणाकडे आपण सहसा बघत नाही. ईशान आज नऊ वर्षांचा आहे; पुनर्विकास आपल्या नेहमीच्या गतीने झाला तर तो त्या घरातच तेरा वर्षांचा होईल, आणि परीक्षेच्या निकालाची संध्याकाळ कोणत्या घरात कशी येईल, हे कोणालाच सांगता येत नाही.

एक किरकोळ गोष्ट राहिली. चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. पुण्याच्या पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि नळीला गंज चढतो. तेलाचा हात फिरवून कोरड्या सुती फडक्यात ठेवा. सफाई करायची ती मुले शाळेत असताना आणि काडतुसे त्या खोलीत नसताना.

'मध्यरात्री चोर आला तर तिजोरी उघडेपर्यंत तो निघून जाईल' असे तुम्ही म्हणाल. तो निघून गेला तर आपले काम झाले, बाबा. मला भीती आहे ती वेगळीच. आजवर रात्री घरात पाऊल वाजले तर ते परक्याचे, हे तुम्ही निःशंक धरू शकत होता. जूननंतर दोन वाजता जिन्यावर वाजणारे पाऊल तुमच्या जावयाचे असेल किंवा पाणी प्यायला उठलेल्या ईशानचे असेल. तुमच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे आणि झोपेतून उठल्यावर चष्मा सापडायलाच तुम्हाला वेळ लागतो. मागच्या दाराला सेफ्टी डोअर बसवणे, अंगणात माणूस आला की आपोआप लागणारा दिवा लावणे आणि आतून कडी लावून ११२ ला फोन करणे, याने तुमचे आणि आईचे रक्षण अधिक होईल, असे माझे प्रामाणिक मत आहे. दाराचा आणि दिव्याचा खर्च आम्ही करणार आहोत, त्यावर वाद नको.

गणपतीचे दिवस आणि खंडेनवमी यांचाही आधी विचार करायला हवा. गणपतीत आपल्याकडे सगळे नातेवाईक उतरतात, पाहुण्यांच्या पिशव्या आणि झोपलेली तान्ही बाळे तुमच्याच पलंगावर ठेवली जातात आणि आरतीच्या वेळी त्या खोलीकडे कोणाचेच लक्ष नसते. त्या दिवसांपुरते शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घेता येते. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करता, तेव्हा तुम्हाला त्यात काही अवघड वाटत नाही. खंडेनवमीची पूजा बंद करा, असे मी म्हणणार नाही. परंतु पाटावर हळदकुंकू वाहिलेले रिव्हॉल्व्हर आणि शेजारी पेढ्यांची वाटी असे मांडून आपण आत जेवायला बसतो, ते या वर्षीपासून नको. पूजा मुले शाळेत असताना करावी, किंवा पाटावर परवान्याचे पुस्तक ठेवावे. देवीला तेही पोहोचेल.

आता माझ्या मनातले शेवटचे सांगते. माझी खरी इच्छा ते घरातून कायमचेच जावे, अशी आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सत्तरी ओलांडलेल्या किंवा २५ वर्षे शस्त्र बाळगलेल्या परवानाधारकाला ते हयातीतच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो, आणि दोन्ही अटी तुम्ही पूर्ण करता. पण दादाला ते नको आहे, मला तर नकोच आहे, आणि तुमच्या पश्चात ते खणात तसेच राहिले तर परवाना नसलेली आई कायद्याने विनाकारण अडचणीत येईल. विक्रेत्याला विकून परवाना पोलीस आयुक्तालयात परत करण्याचा मार्ग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. यासाठी मी हट्ट धरणार नाही, कारण ते तुमच्या नावावर आहे आणि त्याच्यासोबत तुमच्या उमेदीची वर्षे आहेत. तिजोरी, रिकामे सिलिंडर आणि वेगळी काडतुसे यांच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरणार आहे, आणि ते झाल्याशिवाय मुलांना घेऊन राहायला येणार नाही. तोवर लागले तर दोन महिने भाड्याने राहू.

ईशानशी मी स्वतः बोलेन. घरात शस्त्र आहे हे त्याच्यापासून लपणार नाही, तेव्हा ते सरळ सांगितलेले बरे: कुठेही दिसले, आपल्याकडे किंवा मित्राकडे, तर हात लावायचा नाही, तिथून बाहेर पडायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे. एवढे सांगितले म्हणून कुलूप ढिले करायचे नाही. आई, तू ओवीला 'आजोबांची बंदूक बाऊ आहे' असे सांगू नकोस. ज्याचा बाऊ करतो, ते पाहायला ती सगळ्यात आधी जाते.

तिजोरी बसवणारा माणूस येत्या शनिवारी सकाळी येईल. बाबा, कोणत्या भिंतीत पाइप आणि वायरिंग नाही, ते तुम्हीच त्याला दाखवा, आणि तो येण्यापूर्वी, शक्य तर हे पत्र वाचून झाल्यावर आजच, तो खण रिकामा करा. दोघेही औषधे वेळेवर घ्या.

तुमची,
वैशाली